बावीस नंबरचा फोटो

मी वृत्तपत्राची फोटोग्राफर झाले याचं श्रेय मस्कतमधल्या तीन मिशांना जातं. आमच्या इंग्रजी पेपरात तीन फोटोग्राफर होते आणि तिघांनाही मिशा होत्या. नसत्या तरी काही फरक पडला नसता म्हणा. बायकांच्या कार्यक्रमाला बिनमिशीचा पुरुषही चालत नाही.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. रुवीतल्या त्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. रोज न चुकता टाइप करायचं ते नमाजाच्या वेळा, भरती-ओहोटीच्या वेळा आणि रात्री उघड्या राहणाऱ्या फार्मसींची यादी. माझ्या मते पेपरातला सगळ्यात उपयोगी मजकूर माझाच होता, पण त्याखाली कोणाचं नाव छापत नसत. नवरा कुरुमच्या एका हॉटेलात केक करायचा. दिवसभर तो केकवर क्रीमने लोकांची नावं काढायचा. संध्याकाळी चहा पिताना तो सांगायचा, आज कोणाकोणाचे वाढदिवस होते. मी सांगायचे, आज कुठली कुठली फार्मसी उघडी आहे. संसार सुखाचा होता, पण छापलेल्या नावाची मला हाव सुटली होती, हे लपवत नाही.

एका रविवारी संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कलकत्त्याचे सडपातळ गृहस्थ होते. आवाज कधी चढवत नसत. माणूस मेल्याची बातमी आणि चहात साखर कमी असल्याची तक्रार एकाच सुरात सांगायचे.

“तुम्हाला कॅमेरा येतो असं ऐकलं.”

“येतो सर. वसईला मामाचा स्टुडिओ होता, तिथे शिकले.”

“काय काढायचात?”

“पहिल्या कम्युनियनची मुलं. हातात मेणबत्ती घेऊन.”

“मुलं हलायची?”

“हलली की मामा ओरडायचा.”

संपादकांनी थोडा विचार केला. “या बायका हलतील,” ते म्हणाले.

उद्या कुरुमच्या एका हॉलमध्ये कुम्म्यांचं प्रदर्शन होतं. कुम्मा म्हणजे ओमानी पुरुष डोक्यावर घालतात ती भरतकामाची टोपी. टोपी घालतात पुरुष, शिवतात बायका, म्हणून प्रदर्शन फक्त बायकांचं. एका फार मोठ्या साहेबांच्या पत्नी उद्घाटन करणार होत्या आणि निमंत्रणात स्पष्ट लिहिलं होतं: छायाचित्रकार स्त्री असावी.

“गुरुवारच्या पानात फोटो छापून आला,” संपादक म्हणाले, “तर पुढचं बोलू. नाही आला तर फार्मस्या आहेतच.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसचा कॅमेरा गळ्यात अडकवून हॉलच्या दारात उभी राहिले. पट्ट्याला कुठल्या तरी मिशीवाल्याच्या घामाचा वास होता. दारात एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. मत्रहच्या बाजारामागे तिचं घर, कुम्मा शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि साठ वर्षं हिंदुस्थानी व्यापाऱ्यांकडून दोरा विकत घेऊन तिची हिंदी माझ्यापेक्षा चांगली झालेली.

“बेटी, फिल्म कौन धोएगा?”

मी इतकी तयारी करून आले होते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. ऑफिसची फिल्म धुणारे होते गोव्याचे अंकल. वीस वर्षं डार्करूममध्ये काढलेला माणूस.

“मैं धोऊंगी, खाला.”

“कोई मर्द नहीं देखेगा?”

“नहीं देखेगा.”

“वल्ला?”

“वल्ला,” मी म्हटलं. मी रविवारी चर्चला जाणारी बाई. पण शपथ ही शपथ असते, ती ज्या भाषेत मागतील त्या भाषेत द्यावी.

दार बंद झालं, अंगावरचे काळे पायघोळ अबाया खुंट्यांवर गेले, आणि आत जे होतं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. हिरवं, जांभळं, केशरी, कोपरापर्यंत सोनं, लोबानाचा धूर. आणि माझ्या कॅमेऱ्यात होती कृष्णधवल फिल्म.

उद्घाटनाला फीत नव्हती. पाहुण्याबाईंनी सुईत दोरा ओवून कुम्म्यावर पहिला टाका घालायचा, असं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांनी पाहुण्याबाईंना विचारलं नव्हतं. त्यांनी दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदा चुकला. दोऱ्याचं टोक त्यांनी ओठांत ओलं केलं, परत चुकला. पाचव्या वेळी त्यांनी एक डोळा मिटला आणि जिभेचं टोक बाहेर काढलं. शेजारी खाला बसली होती. एखाद्या सुनेने कालवणात नारळाऐवजी पाणी ओतलं तर सासू जसं बघेल, तशी ती त्या सुईकडे बघत होती. मी बटण दाबलं. फ्रेम नंबर बावीस.

ऑफिसात आल्यावर मी अंकलना डार्करूमबाहेर जायला सांगितलं.

“कोण बाहेर?”

“तुम्ही, अंकल. मी शपथ घेतलीय.”

“बाय, या लाल दिव्याखाली मी काय काय बघितलं ठाऊक आहे तुला? अपघात बघितले. पोलिसांचे फोटो बघितले. आणि आता टोप्या शिवणाऱ्या बायका बघायच्या नाहीत?”

“नाहीत.”

अंकलनी स्टूल उचललं, दाराबाहेर ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बसले. आत बाटल्या कुठल्या ते मला कळेना. मी बंद दाराआडून विचारायचे, “अंकल, फिक्सर कुठला?” ते भिंतीला सांगायचे, “निळं झाकण. मला काय विचारतेस, मी पुरुष.”

फिल्म छान निघाली. छत्तीस फोटो एकाच कागदावर बारीक दिसतात ती कॉन्टॅक्ट शीट काढली, बावीस नंबरचा मोठा प्रिंट केला, दोन्ही पाकिटात घालून छातीशी धरले आणि केबिनमध्ये गेले.

संपादकांनी हात पुढे केला. मी पाकीट मागे घेतलं.

“सर, तुम्हाला दाखवता येणार नाही.”

“मी संपादक आहे.”

“हो सर. पण पुरुषही आहात.”

“ते खरं आहे,” ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. “मग मी निवडू कसा?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि उत्तर नसलं की मी बोलायला लागते, हा माझा जुना दोष आहे. “मी सांगते सर,” मी म्हटलं. “तुम्ही ऐका आणि निवडा.”

संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. दाखवत काहीच नव्हते मी, पण त्यांना ते सभ्यपणाचं वाटलं असावं. मी शीट स्वतःकडे वळवून एक नंबरपासून सुरुवात केली. “एक: दार, खुर्ची, खाला. दोन: तीच खाला, जास्त रागात.” दहाव्या फोटोपर्यंत बाहेरची टाइपरायटरं थांबली. सोळाव्याला दरवाजा कोणीतरी थोडा ढकलला. मला काय, प्रेक्षक मिळाले की मी थांबत नाही. बावीसला मी उभी राहिले. सुई धरली, दोरा धरला, एक डोळा मिटला, जीभ बाहेर काढली. मग खुर्ची बदलून खाला झाले आणि त्या सुईकडे बघितलं.

बाहेर कोणीतरी फुटलं. अंकल होते, हसणं त्यांचंच होतं.

संपादकांनी डोळे उघडले नाहीत. “बावीस,” ते म्हणाले.

“सर, तो छापता येणार नाही. पाहुण्याबाई आहेत त्यात, तोंड उघडं.”

“मग नुसते हात?”

“तेविसात हात आहेत.”

“हात सगळेच छापतात,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मी हातच छापतोय. बावीस आणा. परवानगी घेऊन आणा. बुधवारी पाचला पान जातं. नाही मिळाली तर मी खजुराच्या झाडाचा फोटो टाकतो. ते कधी नाही म्हणत नाही.”

मंगळवारी मी मत्रहला गेले. खालाच्या घरी जिना चढून वर गेलं की शिवणाची खोली. तिने आधी खजूर दिले, मग कहवा, मग माझं लग्न कधी झालं, मुलं का नाहीत, नवरा काय करतो हे विचारलं. केक करतो म्हटल्यावर तिने मान हलवली. शिवण न येणाऱ्या पुरुषांपेक्षा बरं, असा त्याचा अर्थ मी घेतला. मग मी प्रिंट पुढे ठेवला.

खालाने चष्मा लावला. बघत राहिली. खांदे हलायला लागले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “नहीं.”

“खाला, मेरी नौकरी…”

“ये बड़े घर की औरत है. ज़बान बाहर. नहीं, बेटी. हराम है.”

“और आप?”

“मैं?” तिने स्वतःकडे परत बघितलं, जरा लांब धरून. “मैं अच्छी आई हूँ. इस उमर में मुझे अख़बार में देखकर कौन शादी का पैग़ाम भेजेगा? मेरा छापो.”

“पर दोनों साथ में हैं, खाला.”

ती माझ्याकडे तसंच बघायला लागली, सुईकडे बघत होती तसं. मग मशीनच्या ड्रॉवरमधून कापड कापायची मोठी कात्री काढली आणि मी “खाला, रुकिए” म्हणेपर्यंत प्रिंट कापला. खडूची रेघ नाही, मोजमाप नाही. कात्री वरून खाली आली, पाहुण्याबाईंच्या खांद्याला वळसा घालून मनगटापाशी वळली आणि निघाली. माझ्या हातात राहिली खाला आणि कोपऱ्यातून आत आलेले दोन हात: बांगड्यांनी भरलेले, सुई आणि दोरा एकमेकांपासून वीतभर लांब. हात कोणाचे, कळायला वाव नाही. ते हात काय करतायत ते खालाच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. मी तो फोटो मामाकडे दहा वर्षं शिकले असते तरी तसा कापला नसता.

कापलेली पाहुणी, शीट आणि निगेटिव्ह तिने मागून घेतलं आणि बिस्किटांच्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली ठेवून झाकण दाबलं. “ख़लास,” ती म्हणाली. “यल्ला, जा अब.”

बुधवारी चारला मी तो तिरका तुकडा संपादकांच्या टेबलावर ठेवला. या वेळी त्यांनी बघितला. मग कडेवर बोट फिरवलं.

“कोणी कापला?”

“त्यांनीच, सर.”

“आमच्याकडे येतील का नोकरीला?”

“विचारायला पाहिजे.”

त्यांनी पट्टीही न लावता तुकडा तसाच आत पाठवला. मी बाकीचा दिवस फार्मस्या टाइप केल्या. एका फार्मसीचा फोन नंबर दोनदा आला, असं नंतर कळलं.

गुरुवारी सकाळी नवऱ्याने दारातून पेपर उचलून आणला. फोटो पान तीनवर, चांगलं अर्धं पान. खाला सगळ्या ओमानकडे नाराजीने बघत होती. मी खाली नाव बघितलं. तिथे लिहिलं होतं: स्टाफ फोटोग्राफर.

आमच्या पेपरात स्टाफ फोटोग्राफर म्हणजे त्या तीन मिशा. इतकी वर्षं त्यांचे फोटो त्याच नावाने जायचे.

“मिशांना दिलं!” मी ओरडले. “जिथे त्यांची सावली गेली नाही तिथला फोटो मिशांना दिला!”

“अगं, चहा तरी पी.”

“तू पी.”

मी टॅक्सी करून ऑफिसात गेले, पेपर गुंडाळून हातात. संपादक चहात साखर ढवळत होते. मी पेपर टेबलावर आपटला आणि फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“सर, खाली माझं नाव नाही.”

“नाही,” ते म्हणाले. “नाव आम्ही बाहेरच्यांचं छापतो.”

त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला, माझ्या बाजूला फिरवला आणि वर पेन ठेवलं. मी वाचला. परत वाचला. हुद्द्याच्या पुढे तेच दोन शब्द होते.

“काल संध्याकाळपासून,” ते म्हणाले. “सही करा. आणि दार लावून घ्या, तुमचा आवाज छपाईखान्यापर्यंत जातो.”

पुढची कित्येक वर्षं मी त्या पेपरात फोटो काढले आणि माझं नाव एकदाही छापून आलं नाही.

त्या संध्याकाळी नवरा हॉटेलातून मोठं खोकं घेऊन आला. रोज दहा नावं लिहिणारा हात, म्हणून मला वाटलं आज तरी माझं असेल. झाकण उघडलं. क्रीमच्या वळणदार अक्षरांत त्याने स्टाफ फोटोग्राफर लिहिलं होतं. केक लहान होता. शेवटची दोन अक्षरं कडेवरून खाली, उभ्या बाजूवर गेली होती.

“जागा संपली,” तो म्हणाला.