धामणीचे डोळे

आज सकाळी तुरीच्या पोत्यांमागं उंदराचं औषध टाकलं. त्या उग्र वासानं डोकं उठलं आणि कंधारजवळच्या आमच्या याच गावातला, कैक वर्षांपूर्वीच्या त्या दुपारचा रॉकेलचा वास नाकात शिरला.

कडब्याच्या गंजीतून धामण निघाली होती. पिवळसर, चकचकीत, चांगली पुरुषभर लांब. आई ओरडत होती, "आरं, धामण हाय ती! इख नसतंय तिला. उंदरं खाती, जाऊ द्या!"

ऐकतो कोण? शेजारच्या दिगूमामानं काठीनं तिला मारलं. मेल्यावर दगड घेऊन तिचे डोळे ठेचायला बसला.

"आता मेल्या जिवाचे डोळे कशाला?" आईनं विचारलं.

"आक्का, डोळ्यात आपला फोटू ऱ्हातो. जोडीदार त्यो बघून बदला घेतो. पिच्चरमदी दाखवलं न्हाई का?"

मग रॉकेल ओतून तिला जाळलं.

अजून संताप होतो. जिचा जन्म शेतात गेला ती बाई खोटी, आणि पडद्यावर नाचणारी नागीण खरी! आता तीच नागीण घरोघरी मोबाइलवर नाचते आणि माणसं तोंड वासून बघतात.

बदला घ्यायला जोडीदार काही आला नाही. उंदीर मात्र आले, ते अजून गेलेले नाहीत.