तापलेली गाडी

आटलेल्या तलावात मोटोक्रॉसचा, म्हणजे कच्च्या मातीवरच्या मोटरसायकल शर्यतीचा, सराव चालला होता. एकाची फोर-स्ट्रोक गाडी तापून वाफा सोडू लागली, तेव्हा बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याले दाखव. पोरगा इंजिनचंच शिकून राहिला कॉलेजात."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंजिनचे चार स्ट्रोक पाठ होते, पण ते थंड ठेवणाऱ्या रेडिएटरला कधी हात लावला नव्हता.

"थंड होऊ द्या," एवढंच मी पुटपुटलो. मग गाडीवाल्यानेच रेडिएटरच्या जाळीत वाळलेला चिखल काडीने कोरून काढला.

घरी येताना बाबा भेटेल त्याला सांगत होते, "पोरानं गाडी सुधरवली."

शेवटी मी म्हणालो, "बाबा, मी काही नाही केलं जी."

"मले दिसलं ना," ते म्हणाले. "पुढच्या खेपेले येईल तुले."

ते ऐकून मात्र मला मान वर करवेना.