गरुड की कोंबडो

नाना धुरी येण्याआधी त्यांचा वास येई. मग आवाज, मग धूर, आणि सगळ्यात शेवटी नाना. वास माशाच्या तेलाचा. आमच्याकडे होड्यांचं लाकूड खाऱ्या पाण्याने कुजू नये म्हणून हे तेल चोपडतात. नाना ते आपल्या फटफटीला चोपडत. टाकीला, चाकांच्या तारांना, सायलेन्सरलासुद्धा. इंजिन तापलं की अख्ख्या जामसंड्याला वाटे, कुणाचे तरी बांगडे करपले. बाजारात फटफटी उभी केली की तिच्याभोवती मांजरं जमत. नानांना त्यात काही गैर दिसत नसे. "होडी बापाच्या बापापासून टिकली ती तेलान. फटफटी काय होडयेपेक्षा मोठी लागान गेली?" असा त्यांचा सवाल.

नानांची मंगळुरी कौलांची वखार होती. वडील गलबतावर तांडेल. फटफटी मुंबईहून आगबोटीने आली, तेव्हा ती किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरवताना नाना खाली दोन्ही हात पसरून उभे होते म्हणे, जणू दोरी तुटली तर झेलणार होते. टाकीवर कंपनीचं इंग्रजी नाव होतं. मी ते एकदा नीट वाचून दाखवलं. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. आमच्या सगळ्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला मी, अनवाणी शाळेत गेलेला. कुणी इंग्रजी नावाची वाट लावली की मला राहवत नसे. नाना म्हणाले, "मास्तरानु, ता कंपनीचा नाव. हिचा नाव गरुड." नावाखाली पंख पसरलेला एक पक्षी काढलेला होता, त्याच्याकडे त्यांनी बोट दाखवलं. माझ्या बी.ए.चा विषय तिथेच संपला.

भाऊ सामंतांना मात्र तो गरुड वाटत नसे. भाऊ लढाईच्या वेळी लष्कराच्या मोटार-वर्कशॉपात होते. येताना लष्कराने मोडीत काढलेली, दुसऱ्या एका कंपनीची मोटारसायकल घेऊन आले. तिच्या टाकीवर मुकुटाचं चित्र. भाऊ म्हणत, "ह्यो गरुड? असले कोंबडे माझ्या आयेन खुराड्यात कोंडले." त्यावर नाना म्हणत, "तुझो मुकुट आधी बघ. तांदूळ धुवूची रोवळी ती, उपडी घातलेली." अशी एकाची फटफटी गावात 'कोंबडो' झाली आणि दुसऱ्याची 'रोवळी'.

आता आमच्या रस्त्यांविषयी सांगायला हवं, म्हणजे या वादाची किंमत कळेल. रस्ता म्हणजे जांभ्याचा चुरा आणि त्यात बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. वहाळावर लाकडी साकव; तिथे खाली उतरून गाडी ढकलायची. खाडी आली की गाडी होडीत आडवी घालायची. पावसाळ्यात तर चालवायचं नावच नको. होड्या शाकारतात तशी नाना आपली फटफटी माडाच्या झापांखाली शाकारून ठेवत आणि नारळीपौर्णिमेला तिच्यापुढे नारळ फोडून बाहेर काढत. म्हणजे उरलेले महिने, तेही उतार असेल तिथे, या मोटारसायकली चालत. आणि चहाच्या दुकानातलं बोलणं ऐकावं तर वाटावं, दोघे विलायतेच्या शर्यतीतून नुकतेच घाम पुसत आलेत.

"पिकप बघ माझ्या गरुडाचो, पिकप!" नाना म्हणत.

"पिकप घेवन काय करतलंस? फुडे म्हशी आसत."

"चढणीर माका गेर बदलूचो लागणा नाय."

"बदलतलंस कसो? तो अडाकलोसा."

हे रोज. शाळा सुटल्यावर मी तिथे चहाला जाई, म्हणून मला ते सोसावं लागे. एकदा मी पोरगी बघायला मसुऱ्याला निघालो होतो. नाना गंभीरपणे म्हणाले, "मास्तरानु, रूप बघू नकात. पयल्या किकेक बोलता काय ता बघा." माझ्या आयुष्याच्या जोडीदारणीबद्दल वडीलधाऱ्या माणसाने दिलेला हा सल्ला. त्यांना देव, लग्न, इलेक्शन, काही सांगा. ते फिरून फटफटीवरच येई. या माणसाला दुसरं काही नव्हतंच. वखार भाचा बघत होता. फटफटीबद्दल बोलणं हा नानांचा धंदा, आणि भाऊ हे त्यांचं एकमेव गिऱ्हाईक.

एके दिवशी ऐन लग्नसराईत नानांची फटफटी चढणीवर बंद पडली. वरात बाजूने निघून गेली, ताशेवाल्यांसकट. संध्याकाळी भाऊंनी दुकानात जाहीर केलं, "आज चढणीर कोंबडो खुडूक बसलो. अंडा दिल्याशिवाय उठना."

दुकान हसलं. नाना हसले नाहीत. उठून म्हणाले, "पुरे झाला. मिठबावच्या पुळणीर ये. कोण गरुड नि कोण कोंबडो, ता सगळ्यांच्या फुडे होवन जांव दे."

"आणि हरलंस तर?"

"जो हरतलो, तो मरासर फटफटयेचा नाव काढूचो नाय. बरा नाय, वाईट नाय, कायच नाय. चल देवीकडे."

आणि खरोखरच गेले. ग्रामदेवीपुढे दोघांनी नारळ ठेवला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कोर्टात खोटं बोलतील, पण देवीपुढच्या नारळाला जपतात. नानांची जीभ त्या दिवशी पणाला लागली. दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, जीभच ती. पण नानांपाशी दुसरं होतं काय? पंच म्हणून मला नेमलं. दोघांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते असं की मास्तरांना फटफटीतलं काही कळत नाही, म्हणून ते निःपक्षपाती.

शर्यत ओहोटीला ठेवली. पाणी मागे गेलं की पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची ओली वाळू, टणक होते. आमच्या भागातला तो एकमेव बरा रस्ता. दोघांनी फटफट्या पाण्याच्या कडेला उभ्या केल्या. वर किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढायला जमलेली माणसं हातातला दोर सोडून बघत राहिली. मी रुमाल वर केला. आणि भाऊ म्हणाले, "रवा. माझा वजन नानाच्या दुप्पट. तेणीव वाळयेची पोती बांधूक व्हयी."

"तुझा पोट फटफटयेचो भार न्हय. तो तुझ्या बायलेक विचार."

मग पोतं किती मोठं, त्यावर वाद. पोतं आणलं, तर वाळू ओली की सुकी, त्यावर वाद. मग वारा कुठून येतो, त्यावर. इंजिन थंड ठेवून सुरू करायचं की तापवून, यावर तर दोघांनी एकमेकांचे पूर्वज काढले. मी रुमाल वर करून करून कंटाळलो आणि शेवटी त्याने घाम पुसला. रापणकर वरून हाका मारत होते, "पाणी इला रे! भरती लागली!" कोण ऐकतो? ज्याचा बाप पाण्याचा रंग बघून वेळ सांगायचा, तो नाना धुरी घोट्याभर पाण्यात उभा राहून भाऊंना पिस्टनाबद्दल सांगत होता. घोट्याचं पाणी पोटरीला आलं. मग एक लाट आली, वाळू सरकली, आणि कोंबडो आणि रोवळी शेजारी शेजारी आडव्या झाल्या. शिकलेल्या माणसाला लाज वाटावी असा तो देखावा होता. मी पंच होतो, मलाही वाटली.

फटफट्या रापणीच्या दोराला बांधून ओढून काढाव्या लागल्या. बाया-बापये सगळे लागले. वाळूवर ठेवल्या तेव्हा दोन्हींतून पाणी गळत होतं. एक म्हातारी रापणकरीण कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मास्तरानु, ह्यांका मीठ लावन सुकवा, नायतर कुसतली."

मी निकाल दिला: जिचं इंजिन आधी सुरू होईल, ती जिंकली. भाऊंनी लष्करी शिस्तीने आपली गाडी पार खोलली, भाग गोड्या पाण्याने धुतले, रॉकेलने पुसले, पाटावर ओळीने मांडले. नानांनी काही खोललं नाही. ते अंगणात सकाळ-संध्याकाळ किक मारत बसले. आणि एके सकाळी तो अभद्र वास गावभर पसरला. गरुड सुरू झाला होता. तेलामुळे भागांना मीठ लागलं नाही, असं नाना सांगत. दैवामुळे, असं मी म्हणतो. भाऊंची गाडी पुढे कधीच चालली नाही.

नाना विजयाने दुकानात आले. "काय भाऊ? आता बोल. कोंबडो काय म्हणता?"

भाऊंनी चहा बशीत ओतला. फुंकला. म्हणाले, "आज बाजारात सुरमई बरी होती."

पहिले काही दिवस नाना खूश होते. पिकपबद्दल बोलावं, चढणीबद्दल बोलावं, कुणी अडवत नाही. मग ते बेचैन झाले. मुद्दाम दुकानासमोर गाडी बंद पाडून दाखवू लागले, भाऊ आकाशाकडे बघून म्हणत, "पाऊस लवकर दिसता यंदा." नाना भाऊंच्या वतीने स्वतःच बोलू लागले: "आता भाऊ म्हणतलो, गेर अडाकलो." मग स्वतःच त्याला उत्तर देत. लोक उठून जात. एकदा तर माझ्याकडे आले. "मास्तरानु, तुमी तरी हिच्याबद्दल काय वाईट बोला."

"वास येतो," मी म्हणालो.

"ता सगळेच बोलतत!" नाना वैतागून म्हणाले. "कायतरी इंजिनाचा बोला."

शेवटी नाना गुपचूप देवीकडे नारळ घेऊन गेले: भाऊला शपथेतून मोकळं कर. गुरव म्हणाला, ज्याने शब्द दिला त्याने येऊन मागायला हवं. नाना भाऊंच्या दारात गेले. मी तिथेच बसलो होतो. अख्ख्या गावाला कौलं विकणारा माणूस, पडवीच्या पायरीखाली उभा राहून म्हणाला, "भाऊ, चल मरे देवीकडे. मी सोडतंय तुका."

"माका खंय त्रास आसा?" भाऊ म्हणाले. "माझी जीभ सुखात आसा."

इतका निर्दय सूड मी दुसऱ्या कुणाला घेताना पाहिला नाही. त्यात एक शिवी नव्हती.

त्यानंतर नाना फारसे दुकानात आले नाहीत. फटफटी मात्र दर नारळीपौर्णिमेला काढत, तेल लावत, एक फेरी मारत. भाऊंच्या घरावरून जाताना वेग कमी करत. पुढे एका आषाढात नाना गेले. फटफटी तेव्हा झापांखालीच होती.

तेराव्याला मी गेलो. भाऊही आले. जेवले, पान घेतलं. मग उठून पावसातच अंगणाच्या कोपऱ्यात गेले आणि वरची दोन झापं बाजूला केली. भर पावसाळ्यातही तो वास तसाच उठला. भाऊंनी खांद्यावरच्या पंच्याने टाकी पुसली. पक्षी दिसला. मग पडवीतल्या नानांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले.

"कोंबडो," ते म्हणाले.

बायका स्वयंपाकघराच्या दारात आल्या. शपथ सगळ्यांना ठाऊक होती. मी म्हणालो, "भाऊ, देवीपुढचा नारळ आहे."

"देवीचा मी बघतंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खुर्चीकडे बघून पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने, अगदी दुकानात म्हणत तसं, "आयकलंस मरे, नाना? कोंबडो तो. पयल्यापासून कोंबडोच!"

आणि थांबले. समोरच्याला उत्तर सुचायला जितका वेळ द्यावा, तितका वेळ भाऊ त्या पावसात खुर्चीकडे बघत उभे राहिले.