काऊ दाखवणारी इरम्मा

जळकोटात हायवेच्या कडेच्या आळीत इरम्माचं घर. दारात कडुनिंब, आणि त्या कडुनिंबाखाली अर्ध्या गावाची लेकरं फसलेली. हसू नका, खरी गोष्ट आहे. कुणा बाईला खुरपायला जायचं असो की तुळजापूरच्या बाजाराला, लेकरू काखोटीला मारून ती इरम्माकडं यायची. इरम्मा लेकरू घ्यायची आणि झाडाकडं बोट करायची, "तो बघ काऊ! काऊ काय म्हणतो?" लेकरानं मान वर केली की आई पसार. मग जरा भोकाड, मग गुळाचा खडा, मग गप्प.

"निघताना लेकराचं रडणं कानावर पडू नये, गेल्या कामाला यश येत न्हाय," असं तिला सासूनं शिकवलेलं. तिचा एकुलता एक शंभुलिंग असाच वाढला. आता तो पुण्याला कंपनीत असतो. सुट्टीला येतो, पण जाताना 'येतो अव्वा' म्हणून आईला कधी सांगत नाही. इरम्मा उठून बघते तर अंथरूण मोकळं. "पोटचं पोर, अन् चोरावाणी जातंय," म्हणून ती शेजारच्या रुद्रम्मापाशी डोळे पुसायची. आपणच पेरलेलं उगवलंय, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. येतंय कुणाच्या?

शंभुलिंग आणि त्याची बायको शिवलीला, दोघांच्याही कंपनीत दिवसा-रात्रीच्या पाळ्या. नुकतीच चालायला लागलेली लेक शिवप्रिया, म्हणजे शिवी, त्यांनी इरम्माकडं आणून ठेवली. ठेवली म्हणजे काय, काऊ दाखवला आणि गेले. पोर फाटकाला धरून निळी पडेस्तोवर रडली. पुढं सणावाराला यायचे, दोन दिवस लाड करायचे आणि पुन्हा तोच काऊ.

आधी पोर चावरी झाली. ताटली फेकायची, इरम्माचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. इरम्मा संडासात गेली तरी दारावर थापा. "बापावर गेलीया, हट्टी हाय," इरम्मा म्हणायची. अंगणवाडीच्या ताईंनी एकदा सांगून बघितलं, "अव्वा, लेकराला सांगून जावं. रडलं तर रडू द्यावं. माघारी येतो म्हणावं, अन् यावं." इरम्मा भडकली. "तू शिकवती व्हय मला? तू लंगोटात होतीस तवा तुला बी ह्याच झाडाखाली गप केलीया म्या!"

आणि मग एकाएकी पोर गुणाची झाली. चावणं बंद, रडणं बंद. दगडावर पडली तर उठून फ्रॉक झटकायची. कुणीही कडेवर घ्यावं, मुकाट जायची. दिवाळीला आई नवा फ्रॉक घेऊन आली, तर तिच्या मांडीवर पाहुण्याच्या मांडीवर बसावं तशी अंग चोरून बसली. शिवलीला मागच्या दारी जाऊन रडून आली. आळी मात्र कौतुकानं वेडी. "कित्ती शहाणं लेकरू बाई! रडणं म्हणून ठावं न्हाय!" इरम्माची छाती फुगायची. रडायचं कुणापाशी, हा प्रश्न त्या एवढ्याशा जिवाला पडला असेल, हे कुणाच्या बापाला सुचलं नाही.

शिवीला तिसरं लागलं, तसं तिला पुण्याच्या शाळेत घालायचं ठरलं. जून लागला, दारात गाडी आली. आता मात्र इरम्माला उमगलं, ही पोर गेली की घरात बोलायला भिंती. त्यात सून हळूच म्हणाली, "अव्वा, तुम्ही आत जावा. दिसू नका. रुद्रम्मा काकू तिला काऊ दाखवतील."

इरम्मा आत गेली. दाराआड उभी राहिली. आपल्याच घरात लपली की हो बाई! बाहेर रुद्रम्माचा आवाज आला, "शिवी, तो बघ..." आणि इरम्माला ते ऐकवेना. कितीदा तरी आपल्याच तोंडून गेलेले शब्द, पण आज कानात उकळतं तेल पडल्यागत झालं.

"मेला तो काऊ!" म्हणत ती बाहेर आली. पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "शिवी, माझ्याकडं बघ. तू मम्मीसंगं पुण्याला चाललीस. म्या हितंच हाय. दिवाळीला येणार तुला बघाया, आईशपथ येणार. रड गं बाई. मला मार, चाव, पण रड!" एवढ्या आयुष्यात लेकराला खरं सांगून निरोप द्यायची ही तिची पहिलीच वेळ.

शिवीनं तिच्याकडं बघितलं. मग हळूच आपलं तोंड तिच्या हातांतून सोडवलं आणि कुणी न सांगता मान वर केली.

झाडावर काहीच नव्हतं. तरी ती फांदीकडंच बघत राहिली. म्हाताऱ्या माणसाला निघून जायला जरा वेळ लागतो, तेवढा देत राहिली. "काऊ," ती म्हणाली.

इरम्मा जागची हलली नाही. "हाय गं, म्या हितंच हाय," म्हणत राहिली. आईनं उचलून गाडीत बसवलं, दार लागलं, गाडी हायवेला लागली. पोरीनं मान काही खाली केली नाही.