शिडीवाल्या काकांनी मागितलेली माफी

माझ्या काकांना सगळे शिडीवाले काका म्हणायचे. लाकडी शिड्यांचा त्यांचा छोटासा कारखाना होता. पत्र्याचं छप्पर, एक मोठी करवत आणि नऊ माणसं. मी त्यांची पुतणी. शिक्षण संपल्यावर "चार महिने जरा पत्रव्यवहार बघ" म्हणून त्यांनी मला तिथे बसवलं, ते चार महिने अकरा वर्षं चालले. आजही रस्त्यात कुठे ओलं लाकूड कापल्याचा वास आला की माझे पाय आपोआप मंदावतात.

सकाळी आठला करवत सुरू होण्याआधी काका टोपी काढून उभे राहायचे आणि दोन मिनिटं प्रार्थना करायचे. आम्ही घरचे ख्रिस्ती. कारखान्यात सगळेच काही ख्रिस्ती नव्हते, आणि सक्तीही नव्हती. तरी झाडून सगळे येऊन उभे राहात, कारण त्या प्रार्थनेत प्रत्येकाच्या घरचं काहीतरी असायचं. "प्रभू, याच्या आईचे गुडघे. हिच्या लेकीचं गणित." एकदा करवतवाला म्हणाला, "काका, मेहुणा दोन महिने घरात मुक्काम ठोकून बसलाय. तेवढं देवाच्या कानावर घाला." काकांनी गंभीर चेहऱ्याने घातलं. मेहुणा त्याच आठवड्यात गेला आणि काकांचा भाव भलताच वधारला.

शिड्या तपासायचं काम एका पन्नाशीच्या बाईंकडे होतं. त्या मितभाषी होत्या. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असायचं, म्हणून सगळे त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत. शिडीचा उभा दांडा त्या वितीवितीने बघत जायच्या.

त्या वर्षी एका ठेकेदाराला साठ शिड्या हव्या होत्या, आणि शनिवारचा शब्द काकांनी दिला होता. शुक्रवारी दुपारी बाई म्हणाल्या, "काका, या लाकडात ओल आहे. बारीक भेगा दिसतायत. माल पाठवू नका."

काका आधीच घायकुतीला आले होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, त्या भिंगातून तुम्हाला देवाच्या कामातसुद्धा खोट सापडेल!"

सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. बाईंनी भिंग दोरीसकट गळ्यातून काढलं, एप्रनच्या खिशात ठेवलं आणि जागेवर जाऊन बसल्या. शनिवारी माल गेला.

नवव्या दिवशी निरोप आला. एक रंगारी वर चढलेला असताना शिडीचा उभा दांडा मोडला होता. तो सहाव्या पायरीवरून पडला आणि त्याचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

ठेकेदार स्वतः आला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नका. रंगाऱ्याने शिडी नीट टेकवली नव्हती असं मी लिहून देतो. विषय मिटेल."

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "त्याने नीटच टेकवली होती. उरलेल्या एकोणसाठ शिड्या मला आजच्या आज परत द्या."

त्या आणायला ते स्वतः ट्रकवर गेले. संध्याकाळी मला घेऊन रंगाऱ्याच्या घरी गेले. दार त्याच्या बायकोने उघडलं.

"मी शिडी बनवणारा," काका म्हणाले.

तिने दार लावून घेतलं. काका जिन्यात उभे राहिले. अर्ध्या तासाने तिने पुन्हा उघडलं. "अजून इथेच?"

"चूक माझी आहे, ताई. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. एवढंच सांगायला आलोय."

आत रंगारी खाटेवर बसला होता. बरा होईपर्यंतची मजुरी आम्ही घरी पोचवू, असं काका म्हणाले. त्यावर त्याने डाव्या हाताने हनुवटी खाजवली आणि वैतागून म्हणाला, "मजुरीचं ठीक आहे, मालक. पण ही दाढी मला जगू देत नाहीये. डाव्या हाताने करायला गेलो, तर गळाच कापायचो."

काकांनी कोट काढून बाह्या सरसावल्या. "ताई, थोडं गरम पाणी मिळेल?"

पुढचे सात आठवडे, एक दिवसाआड, काका त्याची दाढी करायला जात होते. आमच्या चर्चच्या पाळकांनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसंच हे." काका ओशाळले. "छे हो. प्रभूने शिष्यांना आधी पाडलं नव्हतं."

पण खरं अवघड काम त्यांनी त्या पहिल्या संध्याकाळनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. प्रार्थना संपली, तरी त्यांनी टोपी घातली नाही. ते बाईंकडे वळले.

"बाई, मी तुम्हाला सगळ्यांसमोर हसलो. म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो. मला क्षमा करा."

बाई लगेच विरघळल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "क्षमा केली, काका. पण उद्या मी पुन्हा नको म्हटलं, तर माल जाईल का?"

"नाही."

"तुम्ही हो म्हटलंत तरी?"

काकांनी मोठा श्वास घेतला. खिशातून कारखान्याचा शिक्का काढला. तो उमटल्याशिवाय एकही शिडी दाराबाहेर पडत नसे, आणि इतकी वर्षं तो फक्त त्यांच्याच खिशात असायचा. तो त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला. "मी हो म्हटलं तरी नाही."

तीन महिन्यांनी बाईंनी खरोखरच बारा शिड्या अडवल्या. काकांचा चेहरा लालबुंद झाला. तोंडाशी आलेले शब्द त्यांनी गिळले. बाहेर जाऊन अंगणाला दोन फेऱ्या मारल्या, परत आले आणि स्वतः हातात करवत घेऊन ते दांडे कापायला बसले. त्या दिवसापासून भिंग पुन्हा बाईंच्या गळ्यात दिसू लागलं.

वय झालं तेव्हा काकांनी कारभार बाईंवरच सोपवला. घरात कुरबुर झाली. माझे वडील तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. काका मात्र रोज येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर पायऱ्या घासत बसायचे. बाई अधूनमधून म्हणायच्या, "काका, ही पुन्हा घासा." आणि ते घासायचे.

त्याच सुमारास पाळकांनी मंडळीतल्या व्यापाऱ्यांची बैठक बोलावली. माणसं कशी सांभाळावीत, यावर काकांनी बोलावं असं ठरलं. काका धुतलेला कोट घालून उभे राहिले.

"मला यातलं फारसं कळत नाही," ते म्हणाले. "मी तीस वर्षं रोज म्हणत होतो, प्रभू, माझ्याशी बोल. एका शुक्रवारी तो बोलला. पण आवाज माझ्याकडे पगारावर काम करणाऱ्या बाईंचा होता, म्हणून मला ओळखू आला नाही. तुमच्याकडे जी माणसं कामाला आहेत, त्यांचं ऐकत चला."

आणि ते खाली बसले. पाळक पुढच्या वाक्याची वाट बघत होते. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी त्यांनी माझा हात धरला. "फार कमी बोललो का गं?"

"फारच कमी, काका."

"बरं झालं," ते म्हणाले. "मला सडकून भूक लागली होती."