लॉबीत पडलेला पाय

कॉलेजात असताना मला शहापूरच्या मैदानावर होणारा कबड्डीचा एक सामना खेळायचा होता. बाकी जगाशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण अर्थशास्त्राच्या तासांना मी इतक्या दांड्या मारल्या होत्या, की मॅडमनी अट घातली. आधी मुरबाडच्या वक्तृत्व स्पर्धेत बोल, मग तुला खेळायला सोडते.

मला धीर द्यायला आमचा अख्खा संघ मॅडमसोबत एसटीने मुरबाडला आला. तिथे मी चिठ्ठी उचलली. विषय होता, 'अमेरिकेतील करसुधारणा आणि लॉबीचा प्रभाव'. लॉबी हा शब्द वाचूनच मी हसत स्टेजवर चढले. अमेरिका कुणी पाहिली होती? पण मैदानावरच्या लॉबीत माझे दोन्ही गुडघे कितीदा फुटले होते.

बड्या कंपन्या तिकडे आपल्याला हवे तसे कायदे करून घ्यायला पगारी माणसं ठेवतात, असं मॅडम वर्गात एकदा म्हणाल्या होत्या. नेमकी त्या दिवशी मी हजर होते. तेवढ्या भांडवलावर मी सुटले.

"कबड्डीत मैदानाच्या दोन्ही कडांना लॉबीची पट्टी असते. टच झाल्याशिवाय तिथे पाय पडला की आउट. टच झाला की लॉबी खुली, मैदान रुंद. तिकडे कंपनीचा माणूस आमदाराला टच करून येतो, मग कंपनीला मैदान रुंद होतं आणि ती करात सूट घेऊन घरी पळते. तुमच्याआमच्यासारख्यांचा पाय पडला की मात्र शिट्टी."

सभागृह हसायला लागलं तसा मला चेवच आला. "म्हणून सवलतींच्या पट्ट्या पुसून टाका. सगळ्यांना एकच मैदान. आणि ज्याला टच झालाय, त्याने चांगल्या खेळाडूसारखा स्वतःहून हात वर करावा आणि बाहेर जावं."

पहिल्या रांगेत मॅडमचा हात वर गेला. मला वाटलं, काही विचारायचं असेल. मॅडम उभ्या राहिल्या.

"मला टच झालाय," त्या म्हणाल्या. "सकाळी एसटीत हिच्या कॅप्टनने मला बोरं दिली आणि हिला खेळवाच म्हणाली. अर्धी पिशवी मी संपवलीय."

मागून आमची कॅप्टन ओरडली, "आमी काय लाच नाय दिली मॅडम, बोरं दिली."

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. माइक धरून मीही पोट दुखेपर्यंत हसत होते.

"तेव्हा हिला खेळवायचं की नाही, ते आता मी ठरवणार नाही. प्राचार्य ठरवतील," मॅडम म्हणाल्या, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचे प्राचार्य हजेरीपलीकडे काही बघतच नसत.

पहिला नंबर मला मिळाला, आणि सामना मी रेषेबाहेर बसून पाहिला. रडू आलं, आणि रडता रडता मॅडमचा तो हात आठवून हसूही फुटलं. इतक्या सरळपणे मला त्यानंतर कुणी आउट केलेलं नाही.