बर्फाच्या गावाची सहा कार्डं

त्या सोमवारी पोलीस पाटील ठाण्यात आले. त्यांनी सहा चित्रकार्डं माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, पोरगं इटलीत न्हाय."

नोकरीत याहून मोठे गुन्हे मी पाहिले. त्यांतले बरेचसे आता मला कागद काढल्याशिवाय सांगता येणार नाहीत. हे प्रकरण मात्र कागदाशिवाय आठवतं. खरं तर त्याचा कागद फारसा झालाच नाही.

ऐंशीच्या दशकातल्या एका दुष्काळात मी लोहारा भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. विहिरी तळाला गेल्या होत्या. ठाण्याच्या आवारातही दोन पिंपं होती. टँकर आला की सगळ्यात आधी हवालदाराचा डबा भरला जाई, मग कागदपत्रांचं काम सुरू होई.

पाटलांनी सांगितलेली हकिगत अशी. त्यांच्या गावचा एक तरुण सहकारी सूतगिरणीत फिटर होता. गिरणीची यंत्रं इटलीची. ती बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला आणि दहा महिने गिरणीच्या विश्रामगृहात राहिला. आल्प्स पर्वतात त्याचं गाव होतं. मे महिन्यात, पत्र्याखाली घाम पुसत, तो या फिटरला आपल्या गावच्या गोष्टी सांगायचा. हिवाळ्यात तिथं दूरदूरचे लोक सुट्टीला येतात. दिवसभर पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरतात आणि संध्याकाळी डोंगरातल्या गरम पाण्याच्या कुंडांत बसतात. जाताना त्यानं त्या गावाच्या कोऱ्या चित्रकार्डांचा गठ्ठा फिटरला दिला. पुढं गिरणीनं फिटरला प्रशिक्षणासाठी इटलीला पाठवायचं ठरवलं. प्रशिक्षण संपल्यावर पंधरा दिवस त्या गावी सुट्टी घालवायची, असंही आमंत्रण होतं.

गावानं हार घालून त्याला मुंबईच्या गाडीत बसवलं. सोबत गावातलाच, त्याच्याच खात्यात काम करणारा एक मित्र पोचवायला गेला. मित्र चार दिवसांनी परतला. त्यानंतर दर पंधरा-वीस दिवसांनी तो आईला एक कार्ड आणून देई. "गिरणीच्या टपालातून येतंय," असं सांगे. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून कार्ड पाटील वाचून दाखवत.

मग पाटील आपल्या पुतण्याच्या कामासाठी गिरणीत गेले आणि तिथल्या कारकुनाकडून त्यांना कळलं, की फिटर इटलीला गेलेलाच नाही. मुंबईत वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला. त्याचा बिनपगारी रजेचा अर्ज त्या मित्रानंच आणून दिला होता. फिटरची सायकल मित्र वापरत होता आणि फिटरचं घड्याळही त्याच्या मनगटावर होतं.

"आन् साहेब," पाटील आवाज खाली आणून म्हणाले, "त्यो तिकडच्या वस्तीतला हाय."

तिकडची वस्ती म्हणजे बौद्ध वस्ती. या एका गोष्टीमुळं गावाचा संशय अर्धा पक्का झाला होता. माझ्या मनावर त्याचा काहीच परिणाम झाला नाही, असं आज लिहिलं तर ते खोटं होईल.

मी बेपत्ता नोंद केली, सायकल आणि घड्याळ पंचनामा करून ताब्यात घेतलं आणि मित्राला चौकशीला बसवलं. अंगानं काटकुळा, डोळ्यांत मात्र हसू असलेला माणूस.

"कुठाय तो?"

"इटलीत."

"काय करतोय तिथं?"

"फळ्या बांधून घसरतोय, साहेब. लिवलंय की कार्डात."

हवालदार हसला. मी त्या माणसाच्या कानाखाली मारली. त्यानं गाल चोळला नाही. खिडकीतून दिसणाऱ्या पिंपाकडं बघत राहिला आणि दिवसभर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी फिटरची आई आली. आठ मैल चालून आली होती. फडक्यात भाकरी आणि ठेचा होता. मला वाटलं, मुलाची चौकशी करायला आली असेल. ती आधी कोठडीकडं गेली.

"खाल्लं का रं?"

"खाल्लं की, मावशी. सरकारी हाय. तुमच्या हातची सर न्हाय."

मग ती माझ्याकडं वळली. "याला कशापायी बसवलंय?"

"बाई, तुमच्या मुलाच्या बाबतीत आमचा याच्यावर संशय आहे."

"तुमचा असंल. माझा न्हाय. अजून धा दिस झालं न्हाईत, येळवशीला माझ्या कोपीत पंगतीला बसून जेवलाय ह्यो."

मी तिचं म्हणणं जबाबात घेतलं नाही. आईचं मन, असं स्वतःला सांगितलं आणि पुढच्या कामाला लागलो.

कार्डांवरचं अक्षर मी गिरणीतल्या फिटरच्या वह्यांशी ताडून पाहिलं. ते त्याचंच होतं. तेव्हा माझा तर्क असा झाला: मित्रानं सहाही कार्डं आधीच लिहून घेतली, मग काहीतरी केलं, आणि आता एकेक काढतो आहे. मुंबई ते लोहारा या वाटेवर प्रेत कुठं शोधायचं, याचा मी विचार करू लागलो होतो.

कार्डांतला मजकूर मी खिशातल्या वहीत उतरवून घेतला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो, तेव्हा तो बायकोला वाचून दाखवला. तिला वाचनाचा नाद. ठाण्याच्या गोष्टी मी तिला सहसा सांगत नसे, पण ही कार्डं सांगावीशी वाटली.

"आई, इथं बर्फ पडतो तेव्हा आवाज होत नाही. सकाळी उठून बघावं तर सगळं गाव पांढरं. लोक पायाला फळ्या बांधून डोंगरावरून उतरतात, ते पाखरांच्या थव्यासारखे दिसतात. संध्याकाळी आम्ही कुंडात बसतो. गळ्यापर्यंत गरम पाणी आणि डोक्यावर बर्फ पडत असतो. वाफेत शेजारचा माणूस दिसत नाही, नुसता बोलताना ऐकू येतो. इथं पाणी कुणी मोजत नाही."

बायको वाढायची थांबली होती. माठाजवळ पाण्याचा एकच हंडा होता. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं.

मी सहावं कार्ड वाचलं. त्यात बर्फाचं थोडं आणि शेवटी एक ओळ होती: "येळवशीला आपलं दूध पूर्वेकडं उतू गेलं, बरं झालं. पुढचं साल चांगलं जाईल."

"अहो," ती म्हणाली, "हे परत वाचा."

मी वाढलो सोलापूर शहरात. तिचं माहेर माकणीकडचं. वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, या भागात सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप उभारतात, पूजा करतात, भज्जी आणि आंबील खातात, आणि कोपीपुढं दूध उकळून उतू घालतात. ते कोणत्या बाजूला उतू जातं, त्यावरून पुढच्या सालाचा अंदाज बांधतात. मला हे ऐकून माहीत होतं. तिनं ते दर साली पाहिलेलं होतं.

"दूध कुठं उतू गेलं, हे त्या कोपीपुढं बसलेल्यालाच कळतं," ती म्हणाली. "येळवस होऊन किती दिवस झाले?"

"दहा."

"आणि कार्ड कधी आलं?"

"येळवशीनंतर दोन दिवसांनी."

"अक्षर त्याचंच आहे ना?"

मी ताटावरून उठलो. हात धुवायचंही राहिलं.

ठाण्यात येऊन मी मित्राला कोठडीबाहेर काढलं, खुर्ची दिली आणि कार्ड पुढं ठेवलं. "हे येळवशीनंतर लिहिलेलं आहे. अक्षर त्याचं आहे. म्हणजे तो जिवंत आहे आणि तू त्याला भेटून आलास."

त्यानं ती ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला.

"दुधाचं लिवू नको म्हनलं व्हतं त्याला. इटलीत बसून कसं कळंल तुला, म्हनलं. पर न्हाय राहवलं त्याला."

मग त्यानं सांगितलं. मुंबईतल्या तपासणीत फिटरच्या छातीच्या फोटोवर डाग दिसले. क्षय. त्याचे वडील याच रोगानं गेले होते आणि आईनं ते सगळं पाहिलं होतं. हा शब्द तिच्या कानावर जाऊ द्यायचा नाही, अशी त्यानं मित्राला शपथ घातली आणि सोलापूरला दवाखान्यात दाखल झाला. मित्र सुट्टीच्या दिवशी भेटायला जायचा, घरचं सगळं सांगायचा, आणि येताना कार्ड आणायचा. सायकल त्याच खेपांसाठी होती, बसच्या फाट्यापर्यंत जायला. घड्याळ फिटरनंच दिलं होतं, गाडी चुकू नये म्हणून.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या, साहेब. सायकल तेवढी द्या. आन् तुमच्या मान्सांनी चाकातली हवा काढलीय, ती भरून द्या."

हवालदारानं स्वतः पंप मारला.

सोलापूरच्या वॉर्डात फिटर खिडकीजवळच्या खाटेवर होता. उशीखाली उरलेली कोरी कार्डं. शेजारचे रुग्ण त्याला 'इटलीवाले' म्हणत. दुपारी तो त्यांना बर्फाच्या गोष्टी सांगायचा आणि खोकणारी माणसं डोळे मिटून ऐकत पडायची. माझा गणवेश पाहून तो म्हणाला, "आधी त्याला सोडा, साहेब." सोडल्याचं सांगितल्यावर म्हणाला, "आईला सांगू नका."

डॉक्टरांना विचारलं. औषधं लागू पडत होती, पण खात्री ते देत नव्हते. गुन्हा काहीच नव्हता. मी नोंद बंद करून गप्प बसू शकलो असतो. परतीच्या गाडीत तो विचार मी बराच वेळ केला. पण त्या बाईची आठ मैलांची चाल मला दिसत होती. मी तिच्या घरी गेलो.

"जित्ता हाय?" तिनं एवढंच विचारलं.

"आहे. आजारी आहे. वडिलांना होता तोच आजार. पण आता त्यावर औषध आहे."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "त्याला सकाळच्या पारी गरम पाणी लागतंय. तिथं देत असतील का?"

दुसऱ्या दिवशी मी आणि मित्र तिला घेऊन गेलो. तिला पाहताच फिटरनं चादर तोंडावर ओढली. ती खाटेजवळ खाली बसली आणि त्याचे पाय दाबू लागली.

"बर्फाचं सांग," ती म्हणाली.

चादरीतून आवाज आला, "खोटं व्हतं ते, आई."

"ठावं हाय आता. तरी सांग. पाटील वाचायचे ते गडबडीत वाचायचे. मला तुझ्या तोंडून आयकायचंय."

त्यानं चादर खाली केली आणि सांगायला सुरुवात केली. फळ्या, उतार, वाफ, कुंडं. ती मध्येच विचारी, "मग बाया कुठं बसत्यात?" आणि तो हसून काहीतरी रचून सांगे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "हे आमाला न्हाय सांगितलं, इटलीवाले." मी खिडकीशी उभा होतो. बाहेर सोलापूरचं ऊन होतं. काही क्षण ते मला पांढरं, गार आणि निःशब्द वाटलं.

तो बरा झाला. वर्षभरानं गिरणीत परतला. इटलीला कधी गेला नाही. माझी बदली झाली तेव्हा तो आणि मित्र एकाच सायकलवरून निरोप द्यायला आले आणि त्यांनी मला एक कोरं कार्ड दिलं. त्यावर बर्फातल्या कुंडाचं चित्र आहे.

या प्रकरणानं तपासाबद्दल मला एक शिकवलं. जो गप्प बसतो तो लपवत असतो हे खरं, पण काय लपवतो ते आपण आपल्या मनानं ठरवू नये. दुसरी गोष्ट समजायला फार वर्षं लागली.

मागच्या साली डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून बायकोच्या आजाराचं नाव सांगितलं. मुलं म्हणाली, "बाबा, आईला कळू देऊ नका." मी दोन दिवस गप्प राहिलो. त्या दोन दिवसांत मी तिच्याशी औषधांच्या वेळांखेरीज काहीही बोलू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून उशीजवळ ठेवला आणि म्हणाली, "आता बर्फाचं सांगा."

मला त्या फिटरसारखं सांगता येत नाही. तरी चार महिने रोज दुपारी सांगितलं.

श्रावणात ती गेली. ते कार्ड माझ्या टेबलावर आहे. त्याच्या शेजारी तिचा चष्मा आहे.